शेतात पुरलेलं धोतर

मुलं मला पाठीमागे 'माती मॅडम' म्हणतात, हे मला नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी कळलं. आधी राग आला. राग मला पटकन येतो, हे आमच्या घरी आणि विद्यालयात सगळ्यांना ठाऊक आहे. मग वाटलं, गणिताच्या सरांना 'टकलू' म्हणतात, त्या मानानं आपलं बरं आहे. निदान विषयाला धरून तरी आहे. आता निवृत्तीला वर्ष झालं, तरी नगरच्या स्टँडवर एखादा मिशीवाला बाप्या बायको-पोरं घेऊन उभा असतो आणि लांबूनच ओरडतो, "ओ माती मॅडम!" माणसं वळून बघतात. मी खुशाल हात हलवते.

नेवासा तालुक्यातल्या एका कृषी विद्यालयात मी तीसेक वर्षं शिकवलं. माझ्याकडे विषय दोन, माती आणि वनस्पती. खरं तर तो एकच विषय आहे, वेळापत्रकासाठी त्याचे दोन तुकडे केलेत. पहिल्या तासाला मी टेबलावर मूठभर माती ठेवायची आणि विचारायची, "ही जिवंत आहे की मेलेली?" सगळी शेतकऱ्यांची पोरं. जन्मल्यापासून मातीत लोळलेली. तरी एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. कुणीतरी मागून म्हणायचं, "मॅडम, माती मातीच असती." त्या एका वाक्यावर माझी तीस वर्षं निघाली.

मातीचं शास्त्र वाटतं तितकं अवघड नाही. ढेकूळ पाण्याच्या ग्लासात सोडायचं. लगेच विरघळून पाण्याचा चहा झाला, तर मातीत दम नाही. बराच वेळ धरून राहिलं, तर तिच्यात जीव आहे, कारण मातीतले बारीक जीव आणि मुळं मिळून कणांना कण चिकटवून ठेवतात. भुईमुगाचं झाड उपटायचं, मुळावरची गाठ नखानं फोडायची. आत गुलाबी दिसलं की समजायचं, आतले कामगार कामावर आहेत, हवेतलं नत्र पकडून झाडाला देतायत. एका शेतकऱ्यानं या गाठी म्हणजे रोग समजून वाफ्यातल्या सगळ्या झाडांच्या मुळांवरून त्या चिमटीनं काढल्या होत्या आणि पिशवीत भरून मला दाखवायला आणल्या होत्या. दोन दिवस बायको-सुनेला कामाला लावलं होतं बिचाऱ्यानं. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि मग सांगितलं. चहाचा कप हातात होता म्हणून तो मला फारसं बोलला नाही.

काळ्या मातीचं फुगणं-आकसणं शिकवायला मला पुस्तक लागलंच नाही. राजूरच्या डोंगराकडून आलेला सखाराम नावाचा एक मुलगा होता. त्याच्याकडे भाताची खाचरं आणि तांबडी माती. उन्हाळ्यात आमच्याकडच्या काळ्या रानाला पडलेल्या भेगा त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिल्या. फोटो काढायला वाकला आणि मोबाईल सुळकन भेगेत गेला. मी दुसऱ्याच्या मोबाईलवरून त्याला रिंग दिली. जमिनीच्या पोटातून जेजुरीचं गाणं ऐकू यायला लागलं. सगळा वर्ग पोट धरून हसतोय आणि सखाराम पालथा पडून भेगेत कान लावून सांगतोय, "मॅडम, लई खाली हाय!" पहारीनं खणून फोन काढेपर्यंत दोन तास गेले. काळ्या मातीची भेग किती खोल जाते हे त्या तुकडीतला एकही मुलगा परीक्षेत चुकला नाही.

पण मला आज सांगायचंय ते धोतराबद्दल. त्यात चूक माझी होती, हे आधीच कबूल करून टाकते.

माती जिवंत आहे की नाही हे पाहायची एक सोपी रीत आहे. नवं सुती कापड घ्यायचं, वीतभर खोल पुरायचं आणि दीड-दोन महिन्यांनी उकरायचं. सुती कापड म्हणजे कापूस, म्हणजे झाडाचाच भाग. मातीत जीव असले आणि ओल असली तर ते कापड खाऊन टाकतात. जीव नसले तर कापड जसंच्या तसं निघतं. प्रयोगशाळा नको, रसायन नको. मुलांना यात फार मजा यायची.

त्या वर्षी या प्रयोगासाठी मला हवी तशी जागा मिळाली. घोडेगावच्या अलीकडे एका वस्तीवर दोन भावांची रानं होती. थोरले नामदेवआबा, वय सत्तरीच्या आसपास. धाकटा सुदाम टेम्पो चालवायचा, त्यामुळे त्याचं रान त्याची बायको मंगल पाहायची. वाटणी होऊन पंधरा वर्षं झालेली. त्याआधी रान एकच होतं. माती तीच, विहीर सामाईक, दोन्हीकडे थोडा ऊस आणि बाकी कपाशी. फरक फक्त करणाऱ्या हातांचा. आबा उसाचं पाचट पेटवून द्यायचे आणि गोणीतलं खत टाकायचे. मंगल पाचट कुजवायची, शेणखत घालायची, मातीत गाडायला बांधावर हिरवळीचं पीक घ्यायची. आबांच्या रानात कुदळ ठणकन वाजायची आणि मंगलच्या रानात पाय रुतायचा. दोघांत फक्त एक बांध. मास्तर माणसाला याहून मोठं सुख नाही.

मी शबानाच्या गटाला तिथं पाठवलं. शबाना घोडेगावचीच, वडील बाजारात जनावरांचे व्यापारी. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींत सगळ्यात नीटनेटकी. मी सांगितल्याप्रमाणे तिनं सगळं केलं. पांढऱ्या मांजरपाटाचे चौकोनी तुकडे कापले. प्रत्येकाला नायलॉनचा दोरा बांधला, कारण नायलॉन कुजत नाही आणि कापड गेलं तरी जागा सापडते. दोरा लाल घेतला, काळ्या मातीत उठून दिसावा म्हणून. दोरा जागचा हलू नये म्हणून टोकाला लोखंडी खिळा. तुकड्यांवर काळ्या शाईनं नंबर, मंगलच्या रानाला 'अ', आबांच्या रानाला 'ब'. दोन्ही रानांत चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक. आणि प्रात्यक्षिकाचा वार आला नेमका दिव्यांच्या अमावस्येला. अमावस्येला आबा शेतात काम करत नसत, त्यामुळे रानात चिटपाखरू नव्हतं. मुलांना वाटलं, बरं झालं, कुणाची अडचण नाही.

आता हे सगळं पुन्हा वाचा, पण शिक्षक म्हणून नको, शेतकऱ्याच्या बायकोच्या नजरेनं वाचा. अमावस्येला शेताच्या चार कोपऱ्यांत पुरलेलं पांढरं कापड. त्याला लाल दोरा, लोखंडी खिळा आणि वर काळ्या शाईत काहीतरी लिहिलेलं. लिंबू तेवढं राहिलं होतं.

परवानगीच्या कागदावर दोन्ही रानांपुढे एकच सही होती, मंगलची. मुलांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "आबाला मी सांगते की." आणि कामाच्या रगाड्यात विसरली. मी कागद पाहिला, आडनाव एक, जमिनीचा गट नंबर शेजारचा, आणि सही ठोकून दिली. 'नमुना कुठून घेतला, कुणाला विचारून घेतला ते नीट लिहा,' असं जन्मभर मुलांच्या कानीकपाळी ओरडणारी मी.

गणपती बसायच्या चार दिवस आधी आबांच्या बायकोच्या, लीलाबाईंच्या खुरप्याला तो खिळा लागला.

मला हे कळलं ते स्टाफरूममध्ये. शबाना मोबाईल घेऊन आत आली. तिच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकाच वेळी होतं. "मॅडम, आपला ब-तीन व्हायरल झालाय."

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो होता. काळ्या मातीवर पांढरं कापड, लाल दोरा, खिळा आणि कापडाच्या कोपऱ्यात शबानाच्या सुंदर अक्षरात 'ब-३'. खाली कुणीतरी लिहिलं होतं, की हा आकडा म्हणजे तीन पिढ्यांचा बंदोबस्त आहे. मी इतकी हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. शबाना मात्र आता हसत नव्हती. "मॅडम, मंगलकाकूचं नाव घेतायत. त्याच आठवड्यात आबांची म्हैस आटली आणि मोटारही जळाली. आबांनी बांधावरची वाट काट्या लावून बंद केलीय. मोटार दुरुस्त केली, पण काकूचं पाणी तोडलंय."

माझं हसू तिथंच थांबलं. विहीर सामाईक असली तरी मोटारीची पेटी आबांच्या पडवीत होती. ऐन बोंडं लागायच्या दिवसांत मंगलची कपाशी कोरडी. आणि त्याहून वाईट म्हणजे गावातल्या बाया तिच्या हातचा प्रसाद घेईनात. आमचे प्राचार्य म्हणाले, "गावच्या भांडणात पडू नका मॅडम, महिन्याभरात विसरतील." मी म्हटलं, "सर, माणसं पीक विसरतात, पाऊस विसरतात. बाईला दिलेलं नाव विसरत नाहीत." आणि शबानाला स्कूटरवर मागे बसवून निघाले.

आबा ओसरीवर बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला बुक्का. मी पाणीही न घेता सांगून टाकलं, "आबा, ते कापड आमच्या विद्यालयाचं आहे. तुम्हाला न विचारता पुरलं, ही चूक माझी. मंगलचा त्यात काही संबंध नाही."

आबा शांतपणे म्हणाले, "म्याडम, तुमी शिकल्यासवरल्या. तिला वाचवायला आल्या, चांगलं हाय. पर आमच्या घरातलं तुमाला न्हाई कळायचं."

शबाना पुढे झाली. खिशातून लाल दोरा काढून तिनं आबांच्या पुढ्यात एक गाठ मारली. "आबा, ही गाठ वळखा. दाव्याची गाठ हाय. माज्या अब्बांनी शिकवली. तुमच्या कापडावर हीच हाय का न्हाई, बघा."

आबांनी जन्मभर घोडेगावचा बाजार केलेला. त्यांनी कोनाड्यातून ते कापड आणवलं, दोन्ही गाठी शेजारी धरल्या, ओढून पाहिल्या. मग मान हलवली. "गाठ हिचीच हाय."

मला वाटलं, जिंकलो. आणि मास्तरकीची खोड, जिथं थांबायचं तिथं थांबता येत नाही. मी म्हटलं, "आबा, असंच कापड मंगलच्याही रानात आहे. चला, उकरून दाखवते. स्वतःच्या रानात कुणी करणी करतं का?"

तोवर वस्तीवरची पंधरा-वीस माणसं जमली होती. मंगलही आली, पदर कमरेला खोचून, कुणाकडे न बघता. शबानानं तिच्या रानातली खूण शोधली, माती बाजूला केली. लाल दोरा निघाला. खिळा निघाला. दोऱ्याच्या फाशात कापड नव्हतंच. चार काळपट तंतू तेवढे चिकटलेले. जेमतेम पाच आठवड्यांत त्या मातीनं सगळं कापड खाऊन टाकलं होतं. असा निकाल मी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. मला राहवलं नाही, मी टाळी वाजवली आणि म्हणाले, "वा!"

माझ्या मागून लीलाबाईंचा आवाज आला. "बगा! आमच्या रानात कापड, हिच्या रानात नुसता दोरा. हिनं पोरींकडनं पुरून घेतलं आन् मागनं आपलं काढून घेतलं. ठाव हुतं ना तिला!"

लोक कुजबुजले. मी सूक्ष्मजीव, कुजणं, कर्ब असं काहीबाही बोलायला लागले. कुणी ऐकत नव्हतं. वर्गात पन्नास मुलांना गप्प बसवणारा माझा आवाज त्या कपाशीत कुठल्या कुठे विरून गेला. मंगल एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमचं प्रॅक्टिकल झालं. माझं काय?"

तो प्रश्न मला फार लागला. विद्यार्थ्यांनी मला हजारो प्रश्न विचारले असतील, त्यांत असा एकही नव्हता. मी तिथंच बांधावर बसले. समोर आबांचं पांढरं धोतर वाऱ्यावर हलत होतं.

"आबा," मी म्हटलं, "तुमचं एखादं जुनं धोतर द्या."

"आँ?"

"पक्कं सुती असलेलं. मधोमध फाडू. अर्धं तुमच्या रानात, अर्धं मंगलच्या. तुमच्या हातानं पुरायचं, तुमच्या हातानं गाठ मारायची. दिवाळी झाली की सगळ्यांसमोर काढायचं. तुमच्या गाठीला कुणी हात लावला तर तुम्हाला कळेल ना?"

"माजी गाठ माजा मुलगा बी सोडू शकत न्हाई," आबा म्हणाले. बाजार केलेला माणूस, पैज म्हटल्यावर डोळ्यांत चमक आली.

मंगल म्हणाली, "माझं एक हाय. कापड माझ्या रानात कुजलं, तर आबांनी ह्याच मानसांत म्हनायचं, मंगलनं काय केलं न्हाई."

"आन् न्हाई कुजलं तर?" लीलाबाईंनी विचारलं.

"तर म्हना काय म्हनायचं ते."

मी पटकन वर आभाळाकडे बघितलं. कारण मला एक गोष्ट माहीत होती, जी त्यांच्यापैकी कुणाला माहीत नव्हती. ओल नसेल तर मातीतले जीव झोपतात. पाणी तोडलेल्या मंगलच्या रानात पावसानं ताण दिला, तर धोतर दोन वर्षं तसंच पडून राहिलं असतं. म्हणून मी लगेच दुसरी अट घातली. "दोन्ही रानांना पाणी सारखं मिळालं पाहिजे. जितके तास तुम्हाला, तितकेच तिला."

"पानी कशाला मधी आनताय?"

"आबा, दोन पोरं परीक्षेला बसवली आणि एकाला पेपरच दिला नाही, तर पहिला नंबर आला म्हणून पेढे वाटाल का?"

आबांना त्या घडीला न्याय नको होता, जिंकायचं होतं. पण जिंकायला नियम पाळणारा माणूस होता. ते "बरं" म्हणाले. मग मी तिसरी अट घातली. ही कुठल्याही पुस्तकात नाही, मी तिथल्या तिथे रचली. "पाण्याची नोंद एका वहीत ठेवायची. मोटार चालू करताना लीलाबाई आणि मंगल दोघी हजर हव्यात. एकीनं तारीख आणि तास लिहायचे, दुसरीनं खाली सही करायची. शास्त्राचा नियम आहे."

शबाना माझ्याकडे बघत राहिली. तिला शास्त्राचे सगळे नियम पाठ होते.

गणपतीच्या पाचव्या दिवशी आबांनी धोतर पुरलं. अर्धं इकडं, अर्धं तिकडं, वीतभर खोल, मी मोजून घेतलं. गावात दुसरा विषय नव्हता. पारावर बसलेली माणसं आबांना विचारायची, "आबा, नेसायला ठेवलंय ना एक?" म्हशीनं मधल्या काळात परत दूध द्यायला सुरुवात केली. आबांच्या मते करणी निघाली म्हणून दिलं. मी वाद घातला नाही. एका वेळी एकच प्रयोग करावा.

दर पंधरवड्याला मी वही तपासायला जायची. मुलांच्या प्रात्यक्षिक वह्या तपासते तशी, लाल पेनानं, तारीख टाकून. पहिल्या पानांवर नोंदी अशा होत्या:

'सोमवार. सकाळी सात ते नऊ. दोन तास. मंगल.' खाली लीलाबाईंची सही, वळणाची, फटकून लिहिलेली.

'गुरुवार. दोन तास. लीला.' खाली मंगलची सही.

दोघी मोटारीच्या पेटीजवळ दोन टोकांना उभ्या राहतात, असं शबाना सांगायची. तिसऱ्या आठवड्यात एका नोंदीशेजारी कंसात लिहिलेलं दिसलं, 'लाईट गेली. दीड तास थांबलो.' दीड तास. पेटीजवळ, दोघीच. काय बोलल्या ते वहीत नव्हतं, पण पुढच्या नोंदीत होतं, 'लीलाआक्काचा गुडगा लई दुकतो. तिला बसायला पोतं टाकलं.'

मी त्याखाली लाल पेनानं लिहिलं, 'अनावश्यक माहिती.' आणि मग खोडून टाकलं.

घटस्थापनेच्या दिवशीची नोंद मला पाठ आहे. आमच्याकडे घटात नऊ धान्यं पेरतात, त्याला शेतातली माती लागते. वाटणीच्या आधीपासून त्यांच्या घरची घटाची माती जिथून यायची, तो कोपरा वाटणीत मंगलकडे गेलेला. तरी लीलाबाई दर वर्षी तिथूनच आणायच्या. 'आज घट. आक्का मातीला आली. म्हनली देती का. मी म्हनलं तुमचीच हाय. पानी दोन तास.'

सगळं असं गोड चाललं होतं, हे खरं; पण माझी झोप उडाली होती. धोतर नाहीच कुजलं तर? धोतराच्या कापडात दुसरा धागा मिसळलेला असला तर? थंडी लवकर पडली तर? पाणी आणि पोतं मिळालं, तरी चार माणसांत दिलेला शब्द तो शब्द. मंगलनं आपलं नाव माझ्या शास्त्रावर लावलं होतं. मी घरी कुंडीत आबांच्याच धोतराची एक चिंधी पुरून ठेवली होती आणि रोज उकरून बघत होते. अशानं ती काय कुजणार! मुलांना मी यासाठीच रागावायची.

दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात आम्ही गेलो. अख्खी तुकडी आली होती. रानाकडे जाताना माझ्या लक्षात आलं, बांधावरच्या काट्या नाहीत. वाट मोकळी होती, पायांनी मळलेली. कुणी काढल्या, कधी काढल्या, मी विचारलं नाही.

आधी आबांचं रान. कुदळीचे चार घाव घातले तेव्हा जागा लागली. धोतर निघालं. मातकट, पण सबंध. आबांनी ते झटकलं. शेजारचा कुणीतरी म्हणाला, "आबा, धुऊन नेसा." लोक हसले. आबा हसले नाहीत. दोन्ही हातांनी धोतर ताणून पाहिलं, फाटलं नाही.

मग मंगलचं रान. आबांनी कुदळ घेतलीच नाही, हातानंच माती बाजूला केली. माझ्या शेजारी शबाना उभी होती, तिनं माझा हात धरला होता की मी तिचा, आठवत नाही. दोरा निघाला. आबांची गाठ निघाली, जशीच्या तशी, कुणी न सोडलेली. आणि गाठीत अडकलेला धोतराचा काठ, तोही विरलेला. त्याच्यापुढे काहीच नाही. फक्त काळीभोर, भुसभुशीत माती आणि तिच्यातून वळवळत निघालेलं एक गांडूळ.

या खेपेला मी टाळी वाजवली नाही. तोंडावर हात दाबून उभी राहिले.

आबा तसेच उकिडवे बसले. गाठ उलटसुलट करून पाहिली. माती हातात घेऊन हुंगली. मग उठले, गुडघे झाडले आणि जमलेल्या माणसांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "मंगलनं काय केलं न्हाई. मीच येडा." आणि लगेच शबानाला, "ए पोरी, माजा फोटो काड. ह्यो काठ दिसला पायजे. आन् त्याच ग्रुपवर टाक. खाली लिव, आबाचं धोतर मंगलच्या मातीनं खाल्लं, करणी कुनाचीच न्हाई."

शबानानं फोटो काढला. एका हातात सबंध धोतर, दुसऱ्या हातात नुसता काठ, आणि मधे आबा, फोटोला उभं राहतात तसे ताठ. तो फोटो आजही माझ्या मोबाईलमध्ये आहे.

मंगल रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आबा, औंदा पाचट पेटवू नका. माझ्याकडं टाका, कुजवून देते." आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "टाकतो. पर अर्धं परत द्यायचं." मी तिथं मोठ्यानं हसले. मला रडू आलं होतं, ते हसण्यात खपून गेलं.

निघताना मी वही मागितली. निकालाला जोडायची म्हणून. ती आजही माझ्याकडे आहे. नोकरीत मिळालेल्या ढाली मी माळ्यावर टाकल्या, वही कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे. कधीमधी काढून वाचते.

त्या वहीत दिवाळीपासून पुढच्या एकाही नोंदीत पाण्याचे तास लिहिलेले नाहीत. एका पानावर करंजीचं सारण किती घ्यायचं ते आहे. एका पानावर, 'काट्या आज दोगींनी काढल्या. आबाला सांगितलं न्हाई.' आणि कापड काढायच्या आदल्या दिवशीची नोंद लीलाबाईंच्या हातची आहे: 'उद्या कापड काडनार. काय बी निगो. मंगल आपली हाय.' खाली नियमाप्रमाणे मंगलची सही.

नोंदी अपुऱ्या, तास गायब, विषयांतर भरपूर. एखाद्या विद्यार्थ्यानं अशी वही आणली असती तर मी ती त्याच्या तोंडावर परत केली असती. हिच्या शेवटच्या पानावर मी लाल पेनानं पैकीच्या पैकी गुण देऊन ठेवलेत.